चांदणीबाबाची बाज

भर दिवसा, लख्ख उन्हात, मोहटोल्याच्या आभाळात चांदणी दिसत होती. दिसत होती म्हणजे खरोखरच दिसत होती, आणि सगळी गोम तिथंच होती.

ही बातमी नागभीडच्या बसस्टँडपर्यंत पोचली, तेव्हापासून गावात पाय ठेवायला जागा राहिली नाही. धान कापणीला आलेलं, लोंब्या जमिनीला टेकलेल्या, आणि सारं गाव आभाळाकडे तोंड वासून बसलेलं. समाजमंदिरासमोरचं अंगण शेणानं नीट सारवलेलं होतं. मधोमध तीन पुरुष उंचीचा बांबू, त्याच्या शेंड्याला एक हिरवी बांगडी बांधलेली. बांबूच्या पलीकडे, समाजमंदिराच्या सावलीत, सुंभाची एक बाज. तिच्यावर उताणं निजायचं आणि बांगडीतून वर पाहायचं. पाहणारा आधी डोळे बारीक करी, मग त्याचा श्वास थांबे, आणि मग तो रडू लागे नाहीतर हात जोडी. निळ्या लुगड्यावर तांदळाची कणी पडावी तसा एक पांढरा ठिपका बांगडीच्या मधोमध असे.

चांदणीबाबा उशाशी उभा राहून बोलत असे. त्याच्या तोंडाला विश्रांती म्हणून नव्हती.

"या माय, या बाप्पा. चपला तथी ठेवा, पापही तथीच ठेवा. निजा बाजेवर. रातची चांदणी फुकटची, ते कुत्र्या-मांजराइलेही दिसते. दिवसाची चांदणी पुण्याची. ज्याचा डोळा साफ, त्याले आई दिसन. ज्याच्या डोळ्यात करणी, त्याले कोरं आभाळ. बोलो चांदणीआई की!"

दोन-तीन माणसं झाली की बाबा तांबड्या फडक्यात गुंडाळलेला 'आईचा आरसा' हळूच उघडून आत पाही, तो आभाळाकडे धरी आणि शिष्याला सांगे, "बाजेवर पापाचा भार झाला रे. सरकव चार बोटं." शिष्य बाज सरकवी. पुन्हा रांग सुरू होई. दर्शन दहाला सुरू होई आणि अकरा वाजले की आईची विश्रांतीची वेळ झाली म्हणून बंद.

गुणवंतराव गर्दीच्या मागच्या टोकाला छत्रीवर भार देऊन उभे होते. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त होऊन त्यांना पाच वर्षं झाली होती, तरी गाव त्यांना गुरुजीच म्हणे. तीस-पस्तीस वर्षांत त्यांनी लिंबातून निघणारं रक्त पाहिलं होतं, जिभेवर जळणारा कापूर पाहिला होता, पाणी शिंपडलं की पेटणारा नारळ पाहिला होता. प्रत्येक वेळी त्यांनी तोच प्रयोग शाळेच्या टेबलावर करून दाखवला होता. प्रत्येक वेळी गाव म्हणालं होतं, गुरुजी खरं बोलले. आणि दोन पावसाळे गेले की नवा बाबा आणि तेच गाव. आताशा त्यांना राग येत नसे, नुसता कंटाळा येई. गुडघे दुखत, नजर अंधुक झाली होती, आणि खरं सांगायचं तर या खेपेला त्यांना यात पडायचंच नव्हतं. दर्शन घ्या, धान वाहा, घरी जा, माझं काय जातं, असं ते बायकोला, वच्छलाबाईंना, म्हणालेही होते.

पण रांगेत मीराबाई उभी होती.

मीराबाई त्यांच्या शेजारची. नवरा जाऊन वीस वर्षं झाली, एकुलता एक मुलगा हरिदास, त्याची बायको आणि नात नंदिनी असं घर. नंदिनी महिनाभर तापानं निजून होती. त्यातच हरिदासची दुभती म्हैस मेली. हरिदास बाबाकडे गेला, बाजेवर निजला, त्याला चांदणी दिसली आणि तो ढसाढसा रडला. दुसऱ्या दिवशी आईला घेऊन आला. तिला काही दिसलं नाही. आज ती पुन्हा आली होती.

ती बाजेवर निजली. डोळ्यांच्या बाहुल्यांवर साय धरल्यासारखा पांढुरका पडदा होता. शेजारात रोज जवळून बोलताना गुरुजींनी तो ओळखला होता, कारण तसाच पडदा त्यांच्या स्वतःच्या डोळ्यांवर धरत चालला होता.

"दिसली का माय?" बाबानं विचारलं.

"नाई जी. उजेड दिसते नुसता."

बाबा दोन पावलं मागे सरला. मग गर्दीकडे पाहून हळू आवाजात म्हणाला, "दोनदा झालं. आई तोंड फिरवते. ज्या घरी लेकरू निजलं आहे, म्हैस मेली आहे, त्या घरचं कारण बाहेर शोधू नका. शुक्रवारी तिसऱ्यांदा पाहू. आईनं तोंड फिरवलंच, तं मी नाव घेईन."

नाव घेईन म्हणजे काय, हे त्या भागात लहान पोरालाही कळतं. करणी करणारा म्हणून कुणाचं नाव घेतलं गेलं की आधी त्याच्या हातचं पाणी बंद होतं, मग लाकडं हातात घेतलेली माणसं रात्री दारात येतात. कायदा आहे, पण तो पोचेपर्यंत लाकडाचं काम झालेलं असतं. बाजेभोवतीची माणसं मीराबाईपासून हात-हात दूर सरकली. हरिदासही सरकला.

गुरुजी छत्री टेकत पुढे आले. "मीही पाहतो," म्हणाले आणि निजले.

त्यांना बांगडीसुद्धा नीट दिसली नाही. हिरवट धूसर कडं, आत फिकट निळं, आणि काही नाही.

"दिसली का मास्तर?"

"नाई."

गर्दीत हसू पसरलं. बाबालाही चेव आला. "कशी दिसन? यायले आपले देव मान्य नाईत, यायचा धर्म वेगळा. आई घरच्याइलेच भेटते."

हे ऐकायची गुरुजींना आयुष्यभराची सवय होती. ते उठायला लागले, तर चष्मा बाजेखाली पडला. तो चाचपडत शोधताना त्यांचा हात सारवणावर फिरला आणि तिथंच थबकला. ओल्या शेणात बाजेच्या खुरांच्या खुणा उमटल्या होत्या. एक नव्हे, दहा-पंधरा. चार बोटांवर एक, चार बोटांवर एक, सगळ्या एका रांगेत. बांबूपासून निघून उगवतीकडे, समाजमंदिराच्या भिंतीकडे गेलेल्या. पापाचा भार झाला तर बाज कधी इकडे, कधी तिकडे सरकायला हवी होती. ही एकाच बाजूला, एका चालीनं जात होती.

संध्याकाळी मीराबाई मागच्या दारानं आली. वच्छलाबाईंनी तिला चहा दिला, तर ती कप घ्यायला तयार होईना.

"माह्या हातचा कप मंग तुम्ही कशाले वापरसान?" म्हणाली. "सुनेनं माही बाज गोठ्यात टाकली. नंदिनीजवळ जाऊ देत नाई."

"तुझ्या पोराले अक्कल नाई," वच्छलाबाई म्हणाल्या.

"पोराले कायले बोलू? गुरुजी, तुम्ही शिकले-सवरले. खरं सांगा. माह्या डोळ्यात करणी असन काय? मले मालूम नसन, अन् असन. नंदिनीकडे मी लय पाहत राहतो जी. माह्याच नजरेनं तं नसन निजली ते?"

बाबानं तिला गावापासून तोडलं त्याचं दुःख होतंच, पण तिला स्वतःचाच संशय यायला लागला होता, हे गुरुजींना सोसवेना. कंटाळा वगैरे सगळा त्या क्षणी बाजूला झाला.

"तुह्या डोळ्यात मोतीबिंदू आहे," ते म्हणाले. "माह्याही आहे. करणी असन तं आपल्या दोघाइलेही आहे. पी तो चहा."

मीराबाई गेली. गुरुजी ओसरीवर बसून राहिले आणि खुरांच्या त्या रांगेचा विचार करत राहिले. असं एका चालीनं काय सरकतं? सावली सरकते. दुपार कलली की खांबाची सावली उगवतीकडे लांबत जाते, कारण सूर्य मावळतीकडे उतरतो. बाबाची बाज तशीच चालली होती, पण सूर्याच्या सावलीबरोबर नाही. सूर्य तर दहा वाजता अजून चढतीवर असतो. म्हणजे बांगडीच्या त्या बाजूला दुसरं काहीतरी होतं, जे सूर्यासारखंच उगवून मावळतीला निघालं होतं, फक्त सूर्याच्या तीन-साडेतीन तास आधी.

ते एकदम हसले. वच्छलाबाई बाहेर आल्या.

"काय झालं?"

"शुक्र आहे तो. पहाटची शुक्राची चांदणी. वर्गात पोराइले तीस वर्षं सांगतलं, तारे दिवसा कुठी जात नाईत, सूर्याच्या उजेडात दिसत नाईत इतकंच. शुक्र तर इतका तेजस्वी असते का नेमकी जागा ठाऊक असली तं तो दिवसाही दिसते. अन् मी स्वतः कधी पाह्यला नाई."

"मंग आता पाहा."

"मले कुठी दिसते? दुसऱ्याचे डोळे लागतीन."

शुक्रवारी झुंजूमुंजू होण्याआधी गुरुजींनी अंगणात बांबू रोवला आणि त्याच्या अलीकडे बाज टाकली. वच्छलाबाईंनी हातातली एक बांगडी काढून दिली. त्या वाटेनं कापणीच्या बायका जात. त्यांच्या टोळीची मुकादम चंचल. तोंडानं फटकळ, गुरुजींची जुनी विद्यार्थिनी. बाबाची चांदणी तिनंही पाहिली होती आणि पाया पडून आली होती.

"गुरुजी, तुम्हीही बाबा झाले काय?" तिनं विचारलं.

"झालो. ये, दर्शन घे."

आभाळ अजून काळंभोर होतं. गुरुजींनी बायकांना उभं करून विचारलं, उत्तरेला काय दिसतं? सगळ्याजणी एकदम म्हणाल्या, म्हातारीची बाज अन् तीन चोर. चार तारे बाजेचे खूर, मागे तीन चोर. पुस्तकात त्यालाच सप्तर्षी म्हणतात, गुरुजींनी सांगितलं. मावळतीला एका ओळीतले तीन तारे दिसत होते, ती तिफण. तीही त्यांना ठाऊक होती.

"अन् मघा कुठी आहे?"

"मघा म्हणजे पाऊस, गुरुजी," चंचल म्हणाली. "आता कुठचा मघाचा पाऊस?"

"पावसाले ताऱ्याचं नाव पडलं आहे. सूर्य त्या ताऱ्यापाशी दिसते, तवा तो पाऊस. वर पाहा, तुमच्या हातातला विळाच आहे तिथी. विळ्याची मूठ जिथी, तो मघाचा तारा."

बायकांनी आभाळाकडे पाहिलं, मग हातातल्या विळ्याकडे. एकीनं विळा वर धरून ताऱ्यांशी जुळवून पाहिला. जन्मभर मघाच्या पावसात त्या भिजल्या होत्या, मघा मात्र आजच बघत होत्या.

"आता त्या विळ्याच्या खाली, उगवतीकडे. तो मोठा, न लुकलुकणारा."

"ते शुक्राची चांदणी. तिच्याच उजेडात तं कापणीले जातो आम्ही."

"बाकीचे लुकलुकतात ते तारे, लय दूर. हा ग्रह आहे. पृथ्वीसारखाच एक गोळा, सूर्याचाच उजेड त्याच्यावर पडते. तारे आपली जागा सोडत नाईत, म्हून म्हातारीची बाज तुह्या आजीनं पाहिली तशीच आहे. ग्रह जागा बदलते. नवरात्राआधी हा विळ्याच्या मुठीपाशी होता, आता पाहा कितीक खाली आला. निज बाजेवर. बांगडीत धर त्याले."

चंचल निजली. शुक्र बांगडीत आला. तीन-चार मिनिटांत तो कडेला गेला, तशी गुरुजींनी बाज चार बोटं सरकवली. पुन्हा दुसरी बाई निजली, पुन्हा बाज सरकली. शुक्र चढत होता आणि बाज बांबूच्या बुडाकडे येत होती. आभाळ राखाडी झालं, म्हातारीची बाज विरली, विळा विरला. मग निळं झालं. भिंतीपलीकडून सूर्य वर आला.

"गेली गुरुजी," पुन्हा पाळी आलेली चंचल बाजेवरून म्हणाली. "नाई दिसत."

गुरुजींनी वर पाहिलं. त्यांना स्वतःला काहीच दिसत नव्हतं. पहाटे शुक्राच्या जागी एक फुगलेला धुरकट डाग दिसला होता, तोही आता गेला होता. हिशेब चुकला असेल तर दहा वाजता मीराबाईचं नाव घेतलं जाणार होतं.

"हलू नको. आधी बांगडीची कड पाहा. नीट पाहा. आता नजर तितकीच लांब ठेवून आत ये."

चंचलनं कड पाहिली, मग नजर हळूच आत नेली.

"आहे," ती म्हणाली. मग उठून बसली. "गुरुजी, हे तेच जी. बाबाचीच. बांगडीतून सुटलीच नाई, पहाटपासून तेच आहे."

दहा वाजता समाजमंदिरापुढे आजवरची सर्वांत मोठी गर्दी होती. हरिदास आईच्या दंडाला धरून उभा होता. बाबानं आरसा उघडला, आभाळाकडे धरला, बाज लावली आणि म्हणाला, "ये माय. तिसरी खेप."

"आधी मी निजतो," असं म्हणत चंचल पुढे आली. तिच्यामागे विळे घेतलेल्या अकरा बायका. बाबाला नाही म्हणता आलं नाही. ती निजली, तिनं पाहिलं आणि मोठ्यानं म्हणाली, "बाबा, तुमची आई आमच्या गुरुजींच्या अंगणातही आहे. वच्छलाबाईच्या बांगडीत. आम्ही पहाटपासून धरून ठेवली आहे. तुम्ही कोणत्या आईले बलावून राह्यले?"

"त्यांनी डोळ्यावर भूल घातली तुमच्या," बाबा म्हणाला, पण आवाजात पहिली धार नव्हती.

गुरुजी बाजेशी आले. त्यांनी विचारलं, "मले इतकंच सांगा बाबा. बाज काऊन सरकवता?"

"पापाचा भार."

"मंग आज पुण्यवानाइलेच निजवा. अर्धा तास बाज हलवू नका. आई जिथी आहे तिथीच दिसली पाहिजे."

बाबा शिष्याकडे पाहू लागला. गर्दीतून कुणी तरी म्हणालं, "बरोबर आहे. नका हलवू." मग आणखी दोघं म्हणाले. पहिल्या माणसाला चांदणी दिसली. तिसऱ्याला ती बांगडीच्या कडेवर दिसली. सहावा माणूस हरिदास होता. तो बराच वेळ पडून राहिला, मान वळवून पाहिली, डोळे चोळले.

"कोरं आहे," तो म्हणाला. आणि मग घाबरून, "मले त्या दिवशी तं दिसली होती."

"म्हणजे तुह्या डोळ्यात करणी शिरली काय?" चंचलनं विचारलं. "अंधारलेल्या डोळ्याच्या म्हातारीले बोलता, अन् तुह्यासारखा धडधाकट माणूस?"

तिनं बोलता-बोलता बाबाच्या हातातलं तांबडं फडकं ओढलं. आत मोबाईल होता. पडद्यावर काळं आभाळ, पांढऱ्या रेघांनी जोडलेले तारे, आणि मधोमध एका ठिपक्याजवळ इंग्रजीत नाव. चंचलनं अडखळत वाचलं, "व्हीनस."

"म्हणजे शुक्र," गुरुजी म्हणाले. "आभाळाचा नकाशा आहे तो, कोणाच्याही मोबाईलमध्ये येते. मोबाईल वर धरला का कोणता तारा कुठी, ते सांगते. दिवसाही सांगते. त्यानं जागा सांगतली का यायनं बाज तथी लावायची. शुक्र मावळतीकडे सरकते, म्हून बाज उगवतीकडे सरकते. सावली संपली का डोळ्यात ऊन येते, काही दिसत नाई, म्हून अकरा वाजता आईची विश्रांती. इतकंच आहे. ज्याची नजर चांगली, त्याले दिसते. ज्याले मोतीबिंदू, त्याले नाई दिसत."

पोलीस पाटलानं तोवर ठाण्याला फोन लावला होता. बाबा मोटरसायकलवर बसून गेला. त्याला कुणी अडवलं नाही, कारण प्रत्येक जण दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहत होता. हरिदासनं आईचा दंड सोडला होता, पण त्या हाताचं पुढे काय करायचं, हे त्याला कळत नव्हतं.

घरी आल्यावर वच्छलाबाई म्हणाल्या, "जन्मभर पोराइले दिवसा तारे दाखवतो म्हणून छडी उगारली. शेवटी दाखवले खरे." गुरुजी दमून भिंतीला टेकले होते. त्यांना हसायचंही त्राण नव्हतं.

नंदिनीला हरिदासनं त्याच आठवड्यात दवाखान्यात नेलं. रक्त तपासल्यावर मलेरिया निघाला, औषधानं ती उठली. मार्गशीर्षात नेत्रशिबिरामध्ये गुरुजींच्या एका आणि मीराबाईच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्ट्या निघून, औषधाचे दिवस संपले तसं मीराबाईनं सांगितलं, मले ते चांदणी पाहायची आहे. शुक्र अजून पहाटेचाच होता. गुरुजींनी पुन्हा बांबू रोवला. बाज या वेळी हरिदासनं आणली, त्याच्या आईची, गोठ्यातली.

सकाळचे आठ वाजले होते. मीराबाईनं बांगडीची कड पाहिली, मग आत पाहिलं.

"दिसली का व माय?" हरिदासनं विचारलं.

"दिसली. इतलीशीच आहे." ती उठून बसली. "इतल्याशा ठिपक्यापायी तू मले गोठ्यात निजवलं काय रे, हरिदास?"

हरिदासनं मान खाली घातली. गुरुजींनीही दुसरीकडे पाहिलं.

त्याच दिवशी चंचल बातमी घेऊन आली. मुलचेऱ्याकडच्या एका गावात तोच बाबा, तसाच बांबू, तशीच बाज. तिथंही एका म्हातारीला दोनदा दिसलं नाही. गुरुजींनी डोळे मिटून घेतले. पुन्हा तेच, ते मनात म्हणाले. इतक्या लांबचा रस्ता, हे गुडघे, पुन्हा तीच हसणारी गर्दी. किती गावांना पुरे पडणार आपण?

"मी जातो," मीराबाई म्हणाली. तिनं बांबूच्या शेंड्याची बांगडी सोडवायला हरिदासला सांगितलं आणि ती पदराच्या टोकात बांधली.

"तू तथी जाऊन काय सांगशीन?" गुरुजींनी विचारलं.

"शुक्र-बिक्र मले सांगता येत नाई जी. तुम्ही असान तं सांगा. मी त्या बाईजवळ जाऊन बसीन, तिच्या हातचा चहा पिईन. अन् समद्या लोकाइसमोर त्या बाबाले एकच इचारीन. गावातल्या कोणीही इचारायला पाहिजे होतं, मीही इचारलं नाई, म्हून गोठ्यात निजलो. बाज काऊन सरकवता?"

गुरुजींनी छत्री घेतली.